आयटीआरचं सॉफ्टवेअर घेताय? अपडेटमध्ये काय बदललं ते कोण सांगतं, हे आधी बघा

मार्च उलटला की नागपुरातल्या टॅक्सच्या ऑफिसांत आयकर रिटर्न (आयटीआर) भरायच्या सॉफ्टवेअरच्या रिन्युअलचे फोन सुरू होतात. घासाघीस ठरलेली: भाव किती, किती कॉम्प्युटरवर चालेल, टीडीएस सोबत आहे का. अपडेट आल्यावर त्यात काय बदललं ते लेखी देता का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा, म्हणून ही तुलनाही मी त्याच अंगाने करतोय.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आमचे जुने क्लायंट आहेत. त्यांचं खतांचं दुकानही आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दुकानाच्या उत्पन्नावर कराचा दर ठरवताना ते धरावं लागतं. सकाळी काढलेल्या कॉम्प्युटेशनमध्ये, म्हणजे कराच्या हिशेबात, ते बरोबर धरलं होतं. दुपारी सॉफ्टवेअरने अपडेट घेतलं, तीच फाइल उघडली, तर शेतीचा रकाना कोरा आणि कर कमी. अपडेटच्या खिडकीत एवढंच लिहिलेलं: सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या. सकाळची प्रिंट टेबलावर होती म्हणून फरक दिसला, नाहीतर रिटर्न तसंच गेलं असतं. सपोर्टला फोन लावला तर उत्तर मिळालं, ‘नवीन स्कीमाप्रमाणे आहे सर, पुन्हा टाका.’ (स्कीमा म्हणजे रिटर्नच्या फाइलची आयकर विभागाने ठरवलेली रचना.) कोणत्या फाइली अशा कोऱ्या झाल्या असतील, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. रिटर्नवर सही क्लायंटची असते आणि नोटीसही त्यालाच येते, म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

आता पर्याय बघू.

आयकर विभागाच्या पोर्टलवर थेट ऑनलाइन भरणं फुकट आहे, माहिती आधीच भरून येते. फक्त पगार किंवा पेन्शन असलेल्या, आयटीआर-१ या सोप्या फॉर्ममध्ये बसणाऱ्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. स्वतःचं रिटर्न स्वतः भरणाऱ्या वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) किंवा रेल्वेच्या कर्मचाऱ्याने सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत.

विभागाची ऑफलाइन युटिलिटी, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा रिटर्नचा प्रोग्रॅम, हीही फुकट. एक्सेलवाली जड चालते, मॅक्रो (एक्सेलमधले छोटे प्रोग्रॅम) सुरू करावे लागतात, नवीन व्हर्जन आलं की जुनी माहिती इम्पोर्ट करत बसावं लागतं. पण बदलांच्या नोंदीच्या बाबतीत ती बऱ्याच विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस आहे. डाउनलोडच्या पानावर व्हर्जन आणि शेवटच्या रिलीजची तारीख असते, स्कीमा आणि व्हॅलिडेशनचे (रिटर्न तपासण्याचे) नियमही तिथेच मिळतात. कोणत्या चुकीमुळे रिटर्न अपलोडच होणार नाही आणि कोणत्या चुकीमुळे ते सदोष ठरू शकतं, हे त्या नियमांत वर्गवारीने दिलेलं असतं. वेळ काढून वाचावं असं ते कागदपत्र आहे.

तरीही सरकारी म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नका. 5 जुलै 2024 नंतर युटिलिटीतलं कलम 87अ च्या (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणाऱ्या) सवलतीचं गणित बदललं. 2023-24 या आर्थिक वर्षात, नवीन करप्रणालीत, पाच लाखांचं नेहमीचं उत्पन्न आणि शेअर्सवरचा एक लाखाचा अल्पकालीन नफा असलेला माणूस धरा. स्लॅबचा कर 10,000, नफ्यावर 15 टक्क्यांनी 15,000. आधीच्या हिशेबात 25,000 ची पूर्ण सवलत मिळून कर शून्य. बदलानंतर नफ्यावरच्या कराला सवलत नाही, म्हणजे सेससह 15,600 भरा. कायदा तोच आणि आर्थिक वर्षही तेच, फक्त रिटर्न भरायची तारीख वेगळी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. विलंबित आणि सुधारित रिटर्नची मुदत 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढली आणि 24 जानेवारीला न्यायालयाने सांगितलं की करदात्याला निदान दावा करता यावा अशी युटिलिटी असली पाहिजे. सवलत मिळते की नाही हा प्रश्न वेगळा. दावा करायची वाटच सॉफ्टवेअरने बंद करायची नाही.

डेस्कटॉपचं विकतचं सॉफ्टवेअर ही बहुतेक ऑफिसांची गरज आहे. बॅलन्सशीट, कॉम्प्युटेशन, मागच्या वर्षीचा तोटा पुढे ओढणं, शेकडो क्लायंटचा रेकॉर्ड, हे एक्सेल युटिलिटीवर निभत नाही. अपडेट कधी घ्यायचं हे इथे बऱ्यापैकी तुमच्या हातात असतं, आणि त्याची किंमत मी मोठी मानतो. आधी बॅकअप घ्या, एकाच मशीनवर अपडेट करा, पगार, धंदा, भांडवली नफा आणि शेती अशा प्रकारांची मागच्या महिन्यातली चार-पाच कॉम्प्युटेशन पुन्हा काढून आकडे जुळवा, मगच बाकीच्या मशीनवर टाका. फार दिवस थांबता येत नाही, कारण जुन्या स्कीमाची जेसन फाइल (रिटर्न अपलोड करायची फाइल) पोर्टल पुढे घेत नाही. पण एक दिवस थांबता येतं.

क्लाउडवाल्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर इंटरनेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय नाही. मदतनीस वर्ध्याहून काम करणार असेल किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर पावसाळ्यात दगा देत असेल, तर क्लाउड उत्तमच. पण बदल रात्रीतून होतो आणि सकाळी जुनं व्हर्जन शोधूनही सापडत नाही. म्हणून क्लाउड घेणाऱ्याने बदलांची तारीखवार यादी नसेल तर पैसे भरूच नयेत, आणि प्रत्येक कॉम्प्युटेशनची पीडीएफ आपल्याकडे ठेवावी.

यंदा हे सगळं जास्त लागणार आहे. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू, पण 2025-26 च्या उत्पन्नाचं रिटर्न 1961 च्या कायद्याखालीच. कलमांचे क्रमांक बदललेत, दोन्ही कायद्यांचं काम काही काळ सोबत चालेल, आणि सॉफ्टवेअरमध्ये अपडेटमागून अपडेट येत राहतील.

माझा कौल असा: धंदेवाले, शेअर्सवाले, शेतीवाले क्लायंट असतील तर डेस्कटॉप घ्या आणि पडताळणीसाठी विभागाची युटिलिटी शेजारी ठेवा. दोन्हींत कर वेगळा आला तर ते रिटर्न थांबवून कारण शोधा. पैसे देण्याआधी डीलरला मागच्या जुलै ते सप्टेंबरमधल्या अपडेटची यादी मेलवर मागा. यादीत ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढंच असेल तर दुसऱ्या कंपनीचा डेमो मागवा, मग भाव हजार-दोन हजार जास्त असला तरी चालेल.