सात महिने, 9,400 किलोमीटर आणि डावीकडे न वळणारं हँडल

माझ्या टुरिंग बाइकच्या, म्हणजे लांब प्रवासाच्या मोटरसायकलच्या, इंजिन, सीट, सस्पेन्शन यावर सगळ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय, माझं म्हणणं त्याहून वेगळं नाही. मायलेज 32 च्या आसपास. समृद्धीवर किती पळते हे विचारू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण पुढे वाचलंत तर अर्धा दोष माझाच निघतो. मला बोलायचंय ते फक्त हँडलबद्दल.

आमचं गाव आर्णी तालुक्यात. घराचं अंगण 17 फूट रुंद, एका कडेला आजीची बाज. भावाची जुनी शंभर सीसीची गाडी तिथे एका दमात वळते. माझी अडीच लाखांची टुरर डावीकडे वळवायची म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे, चार वेळा. त्यात शेणानं सारवलेली जमीन, पावसाळ्यात पाय घसरतो. आजी बाजेवरून रोज पाहायची. "बाप्पा, येवढी महागाची गाडी अन् वयता येत नाई?"

पहिले काही महिने मी स्वतःची समजूत घातली. टुरिंग गाडी लांब असते, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) 1,450 मिलीमीटर, वर रुंद टाकी आणि फेअरिंग, म्हणजे पुढचं कव्हर. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, त्यांना लागू नये म्हणून हँडल आधीच स्टॉपरनं, धातूच्या आडकाठीनं, अडवतात. घाटात कधी काही जाणवलं नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी झुकून वळते, हँडल जेमतेम हलतं. पण तिथेच वर, देवी पॉइंटच्या पार्किंगमधून डावीकडे काढताना हँडल टोकापर्यंत नेलं आणि रेस आपोआप वाढली. दचकून हातातला क्लच सुटला आणि गाडी आडवी. लेगगार्डवर ओरखडा, मित्रांना वर्षभराचा विषय.

सर्व्हिस सेंटरला दोन तक्रारी सांगितल्या. हँडल कमी वळतं, आणि हँडल लॉक लावायला अंगाचा जोर लागतो. "टुरिंगमध्ये असंच असतं सर. लॉक नवीन आहे, मोकळं होईल." कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आवळून दिला, 450 रुपये घेतले, जाण्यायेण्याचं 90 किलोमीटरचं पेट्रोल वेगळं. घट्ट कोनसेटमुळे गाडी हळू चालवताना डुलायला लागली. म्हणजे पैसे देऊन बिघडवून आणली.

मग पुतण्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. पुढच्या चाकाखाली पुठ्ठा, रिमला पट्टी टेकवून रेघा मारल्या. उजवीकडे 36 अंश. डावीकडे 29.

इथे माझं मत फिरलं. डिझाइनच तसं असतं तर दोन्हीकडे सारखं भरलं असतं. व्हीलबेसला त्या कोनाच्या साइननं भागलं की पुढचं चाक ज्या वर्तुळात वळतं त्याची त्रिज्या ढोबळमानानं मिळते. 36 अंशांना वर्तुळ 4.9 मीटर रुंद, म्हणजे 16 फूट. 29 अंशांना 6 मीटर, जवळपास 20 फूट. सात अंशांनी माझं साडेतीन फूट अंगण खाल्लं होतं.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे उपाय तयार होता. "स्टॉपर ग्राइंडरनं घासून देतो, दहा मिनिटाचं काम." फुकटात होत होतं, मी हो म्हणणारच होतो. नशीब, लाइन गेलेली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आर्णीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं हँडल डावीकडे नेलं आणि खालून बॅटरी मारली. फोर्क आणि स्टॉपरमध्ये बोट जाईल एवढी फट! स्टॉपरवरचा रंगसुद्धा शाबूत. मग अडत होतं कुठे? पुढच्या ब्रेकचा पाइप तारेसारखा ताणलेला. रेसची केबलही तशीच, म्हणून वळवलं की रेस वाढायची. "भाऊ, हँडल उंच केलं अन् पाइप तेवढाच ठेवला. कासरा आखूड केल्यावर बैल वयन कसा?"

रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे. कंबर दुखते म्हणून गाडी घेतानाच शोरूममध्ये 1,800 रुपये देऊन 30 मिलीमीटरचे रायझर मीच बसवून घेतले होते. सात महिने कंपनीला शिव्या घालताना हे मला एकदाही आठवलं नाही. तरी बसवणाऱ्यानं हँडल एकदा दोन्ही टोकांना नेऊन पाहायला काय लागत होतं? आणि 450 घेणाऱ्यानं? इतके दिवस माझ्या गाडीचा डावा स्टॉपर म्हणजे ब्रेकचा पाइप होता. तो चिखलदऱ्याचा उतार आठवला आणि अंगावर काटा आला. वेल्डिंगवाल्यानं स्टॉपर घासला असता तरी हँडल एक अंशही जास्त वळलं नसतं.

लांब पाइप आणि केबल मागवायचे तर खर्च 4,000 च्या वर, रायझर काढायचे तर 200. काढले. ब्रेकचा पाइप मात्र मूळ मापाचा पण नवा टाकला, 900 रुपये. ताणलेल्या पाइपावर पैसे वाचवायची माझी हिंमत झाली नाही. कोनसेट परत बसवला. पुढचं चाक उचललं की हँडल बोटाच्या धक्क्यानं दोन्हीकडे पडलं पाहिजे, आणि फोर्क पुढे-मागे ओढला तर खडखड येता कामा नये. कंबरेसाठी हँडल क्लॅम्पमध्येच जरा मागे फिरवून दिलं. निम्मा फरक तेवढ्यानं भरून निघाला.

तुम्ही रायझर लावले असतील तर गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांना न्या. रेस वाढली की समजून जा. हँडल टोकापर्यंत गेलं तरच लॉक नीट लागतं, म्हणून ते लागायला कुरकुर करत असेल तरी आधी पाइप पाहा, लॉक नंतर.

हेडलाइटचं दुखणं मात्र तसंच आहे. तो फेअरिंगला असल्यामुळे हँडलबरोबर वळत नाही. रात्री पांधणीत वळताना उजेड तुरीत आणि चाक चिखलात.

आता डावीकडेही 36 भरतात आणि लॉक एका हातानं लागतं. बाज भिंतीला लावली असेल तर गाडी अंगणात एका दमात वळते, आजी बसलेली असेल तर दोनदा. रायझर 1,000 ला विकायला काढलेत. सोबत लांब पाइप घ्यावा लागेल हे घेणाऱ्याला आधीच सांगतो, त्यामुळे गिऱ्हाईक टिकत नाही.