घरी केलेलं चपडा पॉलिश: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत राजापूरजवळच्या घरून दोन वस्तू टेम्पोत घालून पुण्याला आणल्या: आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची आणि एक उभं सागवानी कपाट. कपाटाला कुणीतरी कधीतरी हिरवा ऑइलपेंट फासलेला, त्याच्याखाली निळा, आणि त्याच्याखाली साग. दोन्हींना मी घरीच चपड्याचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं, पॉलिश केलं. आठ दिवसांनी कुठलंही पॉलिश छानच दिसतं, म्हणून मुद्दाम पावसाळा जाऊ दिला आणि आता लिहायला बसले.

निम्मं काम रंग काढण्याचंच आहे. पॉलिश पेपर घेऊन खसाखसा घासायचा बेत मी सुरुवातीलाच सोडला. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये काय असेल याचा भरवसा नाही, आणि घासलं की पूड घरभर. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. म्हणून गच्चीत रिमूव्हर लावला, वरून प्लॅस्टिकचा कागद झाकला. अर्ध्या तासाने उचलला तर रंगाला भाजलेल्या पापडासारखे फोड! पत्र्याने ओढला की पट्टेच्या पट्टे निघाले. नक्षीच्या खाचांत मात्र टूथब्रश आणि दोन रविवार गेले. हातमोजे जाडच घ्या. माझ्या पातळ मोज्यातून एक थेंब मनगटावर गेला, त्याचा डाग महिनाभर होता.

पॉलिशच्या बाबतीत पहिली चूक म्हणजे जवळच्या दुकानातून आणलेली तयार बाटली. खुर्चीच्या एका पायाला लावलं, तर चार दिवस बोट लावलं की ठसा उठायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फार दिवस ठेवली की नीट कडक वाळतच नाही, हे मला नंतर कळलं. ते सगळं स्पिरिटने पुसून काढलं, बोहरी आळीतून सुटा चपडा आणला आणि लिटरभर स्पिरिटला 200 ग्रॅम या हिशोबाने रात्रभर भिजत घातला. सकाळी ढवळून मलमलीतून गाळला. रंग थेट कोऱ्या चहाचा. (स्पिरिट पेट घेतं. गॅस, देवापुढची निरांजन, सगळं लांब.)

लावायची पद्धत एका ओळखीच्या पॉलिशवाल्या काकांनी दाखवली. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. "ताई, घासायचं नाही, फिरवायचं. बोळा थांबला की चिकटला." आणि तसंच होतं. मध्येच फोन वाजला म्हणून मी थांबले, तर कपाटाच्या डाव्या दारावर बोळ्याचा गोल डाग कायमचा बसल्यासारखा बसला. हात दिवसाला तीन-चार, मध्ये 320 नंबरचा हलका पेपर, असे आठवडाभर. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

आता नऊ महिन्यांत काय झालं ते. जुलैत उरलेल्या एका फळीला हात मारायला गेले तर ओल्या हवेने पॉलिश पांढुरकं झालं, दही सांडल्यासारखं. पावसाळ्यात हे काम करूच नये. आईने गरम चहाचा कप खुर्चीच्या हातावर टेकवला, पांढरं कडं उमटलं. पाहुण्यांच्या पर्समधला सॅनिटायझर कपाटाच्या कडेवर ठिबकला तिथे तर पॉलिश विरघळूनच गेलं. साहजिकच आहे, ज्यात ते कालवलं तेच त्यावर सांडलं. कामवाल्या मावशींनी एकदा सोड्याच्या पाण्याने पुसलं, तिथली चकाकी गेली. डोकं टेकायच्या पट्टीवर तेलाचा काळसरपणा यायला लागलाय तो वेगळाच.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग चांगलं काय? चांगलं हे, की यातली प्रत्येक गोष्ट मी स्वतः दुरुस्त केली. चहाचं कडं स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा एकदा फिरवून गेलं. सॅनिटायझरच्या जागी चार हात दिले, आज शोधूनही सापडत नाही, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. डाव्या दारावरचा तो गोल डागही असाच दिवाळीच्या साफसफाईत गेला. आमच्या डायनिंग टेबलाला कारागिराकडून पीयू (पॉलियुरेथेनचं, प्लॅस्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश) मारून घेतलं होतं. ते चहाला, पाण्याला दाद देत नाही, पण एका कोपऱ्यात पापुद्रा सुटलाय आणि कारागीर म्हणतो, अख्खा वरचा भाग खरवडावा लागेल.

मध्ये हौसेने एका तिपाईला चॉक पेंट (खडूसारखा, चकाकी नसलेला रंग) आणि वर मेण लावून पाहिलं. फोटोत झकास. ऑगस्टमध्ये मेणावर बुरशीचे ठिपके आले आणि तिपाई आता बाल्कनीत कुंड्या सांभाळते. सागावर रंग फासायचा माझा उत्साह तिथेच संपला.

खर्च रिमूव्हर, चपडा, स्पिरिट, पेपर सगळं धरून 3,000 रुपयांच्या आत. वेळ मात्र सहा शनिवार-रविवार. गावी एक दिवाण अजून पडून आहे. त्यावर मुलगा उड्या मारणार, म्हणून वरच्या फळ्यांना पीयू आणि फक्त नक्षीच्या पाठीला चपडा, असं ठरवलंय. पण ते फेब्रुवारीत, हवा कोरडी झाली की.