धायटीचे रोप आणि ते देणारी रोपवाटिका: तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंहगडाची वाट चढलेल्या प्रत्येकाने धायटी पाहिलेली असते, मग तिचे नाव त्याला ठाऊक असो वा नसो. आजूबाजूचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, बहुतेक झाडांनी पाने टाकलेली असतात, आणि अशा वेळी उतारावरच्या मुरमाड, खडकाळ जागेत पुरुषभर उंचीचे हे झुडूप फांदीच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लालभडक नळीदार फुलांनी भरून जाते. संस्कृतात तिला धातकी म्हणतात आणि ताम्रपुष्पी, अग्निज्वाला अशीही तिची नावे आहेत. आपल्या डोंगरांवर इतक्या सहज दिसणारे हे झुडूप पुण्यातल्या रोपवाटिकांमध्ये विचारले, तर मात्र बहुतेक ठिकाणी बोगनवेल किंवा टिकोमा दाखवला जातो. ही दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली.

शहरातल्या एका रोपवाटिकेने तर मला धायटी म्हणून दुसरेच झाड दिले होते. नळीसारखी तांबडी फुले पाहून मीही ते विश्वासाने घरी आणले. वर्षभराने वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी ते पाहिले आणि हा कुफिया असल्याचे सांगितले. कुफियाही धायटीप्रमाणे मेंदीच्याच कुळातला आहे, पण तो मेक्सिकोचा. धायटी ओळखण्याची जी खूण त्यांनी मला दाखवली, ती रोप विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पान उलटे करून उजेडात धरावे. धायटीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, बारीक लवीची असते आणि तिच्यावर सुईच्या टोकाने टिंबे द्यावीत तसे काळे ठिपके असतात. पानाला देठ जवळजवळ नसतोच. फुले नसतानाही ही खूण पाहता येते, आणि रोपे विकत घेण्याच्या दिवसांत फुले नसतातच.

ज्या रोपवाटिकेबद्दल मी हे लिहीत आहे, ती मुळशीच्या रस्त्यापासून थोडी आत, जेमतेम अर्ध्या एकरात आहे. तिचे नाव मी येथे देत नाही, कारण रोपे मोजकीच असतात आणि एकदम मागणी वाढली तर ती पुरवता येणार नाहीत, असे ती चालवणाऱ्या दांपत्याने मला सांगितले. येथे धायटीसोबत कुडा, मुरुडशेंग, निर्गुडी, करवंद, कोरांटी अशी केवळ आपल्या भागातली झुडपे मिळतात. 2022 च्या जुलैमध्ये मी तेथे पहिल्यांदा गेले आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात जात आले आहे.

पहिल्या भेटीत मला सर्वांत अधिक आवडले ते हे, की रोप हातात देण्याआधी त्यांनी मलाच प्रश्न विचारले: जागेवर किती तास ऊन येते, माती काळी आहे की मुरमाड, पावसाचे पाणी तेथे साचते का. माझ्या आधी आलेल्या एका गृहस्थांना पूर्वेकडच्या गॅलरीत कुंडीत धायटी लावायची होती. दोन तासांच्या उन्हात ती जगेल, पण फुलणार नाही, असे त्यांना स्पष्ट सांगून रोप दिले गेले नाही. हातात आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्याला धीर लागतो, आणि त्यामुळेच माझा या जागेवर विश्वास बसला.

प्रत्येक वाफ्याशी पत्र्याच्या पाटीवर बी कोणत्या डोंगरावरून आणि कोणत्या महिन्यात गोळा केले, हे लिहिलेले असते. धायटीचे बी गोळा करणे सोपे नाही. फूल सुकल्यावरही त्याची नळी गळून पडत नाही आणि तिच्याच आत लहानसे बोंड पिकते. ते चुरडले की तपकिरी रंगाचे, मोहरीपेक्षा पुष्कळ बारीक बी हाती येते. ते मातीत खोल पुरले तर उगवत नाही, म्हणून तेथे चाळलेल्या मातीच्या ट्रेवर ते नुसते भुरभुरतात आणि वरून झारीने पाणी घालण्याऐवजी ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून ओलावा खालून वर चढू देतात. फुटव्यांच्या कलमांनीही धायटी वाढवता येते, पण बियांच्या रोपांमध्ये वैविध्य राहते म्हणून ते बियांनाच पसंती देतात.

मी त्या वेळी तीन रोपे घेतली: साठ रुपयांना एक याप्रमाणे वीतभर उंचीची दोन, आणि अडीचशे रुपयांचे एक कमरेएवढे. लवकर फुले पाहायला मिळतील, या लोभाने घेतलेले ते मोठे रोप हीच माझी चूक ठरली, आणि काही अंशी रोपवाटिकेचीही. दुसऱ्या पावसाळ्यात ते एका बाजूला कलले. पाने निस्तेज झाली, म्हणून उकरून पाहिले तर मुळे पिशवीच्या तळाशी चुंबळीसारखी गोल गुंडाळलेली होती आणि वर्षभरात ती आजूबाजूच्या जमिनीत शिरलीच नव्हती. हे झाड दोन वर्षांहून अधिक काळ पिशवीत राहिले होते. मी ते मुळांसह घेऊन गेले तेव्हा त्यांनी वाद न घालता बदली रोप दिले आणि राहिलेली जुनी रोपे विक्रीतून काढली. तरीही रोपवाटिकेने अशी रोपे अधिक किमतीला विकायला नको होती, हे मी त्यांनाही सांगितले. धायटी घ्यायची तर लहान पिशवीतली, वर्षाच्या आतली घ्यावी; पहिल्याच पावसाळ्यात ती मोठीला गाठते, हे मी माझ्या अंगणात पाहिले आहे.

लागवडीबाबतचा त्यांचा सल्ला मात्र अगदी खरा निघाला. आमच्याकडे वरच्या थरात काळी माती आहे. ती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तडकते, आणि या दोन्ही गोष्टी धायटीच्या मुळांना सोसत नाहीत. म्हणून दीड फुटाचा खड्डा घेऊन निम्मी माती बाहेर टाकली, तिच्या जागी मुरूम आणि थोडेसे कुजलेले शेणखत मिसळून भरले आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच राहील असा उंचवटा केला. रासायनिक खत एकदाही घातले नाही.

पाण्याच्या बाबतीत माझा हात आवरायला मला वेळ लागला. पहिल्या हिवाळ्यात पाने तांबूस होऊन गळू लागली, तेव्हा झाड मरते आहे असे समजून मी रोज पाणी घालायला लागले. रोपवाटिकेत फोन केला, तर तेथे रोपांची देखभाल करणाऱ्या, जवळच्याच वाडीतल्या मावशींनी तो घेतला. "ताई, नखानं साल जरा खरवडून बघा. खाली हिरवं असलं तर ती जिती आहे. आणि पाणी कमी करा. डोंगरावर हिला कोण पाणी घालतं?" साल खरवडली, हिरवे दिसले. त्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी दिले. तिसऱ्या वर्षी पाणी जवळजवळ थांबवले. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले, पण ते खोडाला चिकटू दिले नाही.

माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे ती रोपासोबत मिळणाऱ्या छापील पत्रकाबद्दल. सर्व झुडपांसाठी एकच पत्रक असून त्यात हिवाळ्यात छाटणी करावी, असे म्हटले आहे. धायटीसाठी हे अगदी उलट आहे. तिची फुले जुन्या फांद्यांवर, पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये फांदी कापली की त्या हंगामातली फुलेही तिच्याबरोबर जातात. पत्रकावर विसंबून मी 2023 च्या डिसेंबरमध्ये लहान घेतलेल्या दोनपैकी एक झाड छाटले आणि दुसरे सुदैवाने तसेच राहिले. फेब्रुवारीत न छाटलेल्या झाडावर सातआठ झुबके आले आणि छाटलेल्यावर एकही नाही. बहर संपल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी केली, तर नव्या फांद्यांना पुढच्या हिवाळ्यापर्यंत पक्व व्हायला वेळ मिळतो. मी ही गोष्ट लेखी कळवली आहे. यंदाच्या पत्रकावर त्यांनी हाताने दुरुस्ती केली असली, तरी प्रत्येक झुडपासाठी वेगळे पत्रक निघायला हवे. याशिवाय रोपवाटिका केवळ शनिवार-रविवारी उघडी असते आणि ऑगस्टनंतर धायटी शिल्लक राहत नाही, हेही जाणाऱ्याने लक्षात ठेवावे.

या वर्षी, 2025 च्या फेब्रुवारीत, दोन्ही झाडे पूर्ण बहरली. रोज सकाळी सातच्या सुमारास मी जवळ खुर्ची टाकून बसत असे. फूल हातात घेऊन पाहिले तर जे लाल दिसते ती पाकळी नसून निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्याची, वाकडी नळी असते. खऱ्या सहा पाकळ्या इतक्या लहान असतात, की त्या शोधाव्या लागतात, आणि बारा पुंकेसर नळीबाहेर लांब डोकावत असतात. नळीच्या तळाशी मध साठलेला असतो. जांभळा शिंजीर त्यासाठी फांदीला उलटा लटकून चोच आत घालतो, आणि मागे होतो तेव्हा त्याच्या कपाळावर परागांची पिवळी पूड दिसते. चष्मेवाला या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा यायचा, मधमाश्या तर दिवसभर असत. कुंपणाशी टणटणी आहे, तिच्यावरही फुलपाखरे येतात, पण पक्ष्यांची अशी गर्दी मी त्या कुंपणाशी कधी पाहिली नाही.

आयुर्वेदात आसवे आणि अरिष्टे आंबवताना धायटीची फुले घालतात. दशमूलारिष्टाच्या, अशोकारिष्टाच्या बाटलीवरच्या घटकांच्या यादीत धातकी हे नाव आढळेल. त्यासाठी लागणारी फुले मोठ्या प्रमाणात रानातूनच तोडली जातात, आणि फूल तोडले की बी राहत नाही. एखादी रोपवाटिका बियांपासून धायटी तयार करून घराघरांत पोचवत असेल, तर तिच्या उणिवा दाखवत असतानाही मी तिच्याकडे पुन्हा जाणार, याचे हे एक कारण आहे.

रोपांची जात खरी, जागेबद्दलचा सल्ला प्रामाणिक आणि चूक झाल्यावर ती मान्य करण्याची वृत्ती, या तिन्हींसाठी मी ही रोपवाटिका सुचवीन. मोठ्या पिशवीतली रोपे आणि छाटणीचे पत्रक मात्र तेथेच ठेवून यावे.

एप्रिलच्या अखेरीस मी सुकलेल्या नळ्या कागदी पाकिटात भरून तेथे नेऊन दिल्या. मावशींनी तळहातावर एक चुरडली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि उरलेले बी बोटाने पसरून पाहिले. मग पाकिटावर आमच्या भागाचे नाव आणि "एप्रिल 2025" असे लिहून ते इतर पाकिटांच्या रांगेत ठेवून दिले.