हलकं फ्लायव्हील घेताना मला काय विकलं गेलं

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, क्लच त्याच्यावरच बसतो. माझ्या गाडीला मूळचं ड्युअल-मास, म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील होतं. ते खडखडायला लागलं, तेव्हा त्याच्या जागी हलकं सिंगल-मास, म्हणजे एकसंध, बसवायचं ठरवलं. विकणाऱ्याने फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि ती फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट असा पूर्ण संच दिला. क्लच प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा नव्हत्या. विचारलं, तर म्हणाला, "स्प्रिंग म्हणजे कमकुवत जागा, साहेब. रेसिंगवाले ठेवतच नाहीत." मी मान डोलावली आणि तिथेच फसलो.

ड्युअल-मास फ्लायव्हीलच्या पोटातच स्प्रिंगा असतात. इंजिनाचे हादरे त्या जिरवतात. म्हणून अशा गाड्यांची मूळ प्लेट बहुतेक वेळा बिनस्प्रिंगची असते. फ्लायव्हील सिंगल-मास केलं की ते काम प्लेटच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर येतं, आणि रोजच्या गाडीला तिथे स्प्रिंगा हव्यातच. त्याला हे पुरतं ठाऊक होतं. न खपलेली प्लेट त्याने माझ्या गळ्यात मारली.

पहिल्याच दिवशी न्यूट्रलला गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. क्लच दाबला की बंद, सोडला की पुन्हा सुरू. "हलक्या फ्लायव्हीलला आवाज येतोच," असं फोनवर उत्तर मिळालं. थोडा येतो हे खरंच आहे, म्हणून तर मी गप्प बसलो. त्यात प्लेटची पकड घेणारी बटणं सिरॅमिकची. पेडल सोडताना गाडी एक तर हलत नाही, नाहीतर उडीच मारते. हलक्या फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर आधीच कमी, त्यामुळे चढावर इंजिन सारखं बंद पडायचं. ऑरगॅनिक, म्हणजे हळुवार पकडणाऱ्या अस्तराची, स्प्रिंगवाली प्लेट हवी होती.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट ज्यावर बसते त्या इनपुट शाफ्टच्या दातांवर चकाकत्या खाचा पडल्या होत्या. पण खरा धक्का फ्लायव्हीलने दिला. पोलादी, फोर्ज्ड म्हणून घेतलेलं ते मुळात बिडाचं, जुनं, लेथवर खरवडून हलकं केलेलं होतं. मागच्या बाजूचा रंग नखाने निघाला आणि खाली लेथच्या गोल रेघा दिसल्या. पुढच्या बाजूला उष्णतेचे निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा. बीड ठिसूळ. जास्त आरपीएमला ते फुटलं, तर तुकडे बेलहाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं आवरण, फोडून चालवणाऱ्याच्या पायापर्यंत येऊ शकतात. मोटार रेसिंगमध्ये फ्लायव्हील-क्लचसाठी एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेचं 1.1 हे मानक आहे ते याच भीतीपोटी. मी त्या मानकाचा शिक्का पाहिला नाही, धातू कोणता ते बिलावर लिहून घेतलं नाही. घेणाऱ्यांनी एवढं तरी कराच, आणि फ्लायव्हील, प्लेट, प्रेशर प्लेट एकमेकांशी जुळतात हेही लेखी मागा.

"बसवलेला माल परत घेत नाही," म्हणून त्याने हात वर केले. नवा संच घातलाय, आवाज गेला. ते बिडाचं फ्लायव्हील मात्र मी भंगारात अख्खं दिलं नाही. आधी घणाने त्याचे तुकडे केले, म्हणजे पुन्हा रंग लावून कोणाच्या गाडीत जायला नको.