जुन्या इमारतीत स्प्रिंकलर: घरभर, दारापुरते की फक्त पॅसेजमध्ये?

जुन्या इमारतीला स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने उघडून पाणी फवारणारी, पाइपला जोडलेली तोंडे) सक्तीचे करायचे का, यावर समितीची बैठक भरली की चर्चा हो-नाहीतच अडकते. खरे तर निवड चार मार्गांतून करायची असते. पहिला, प्रत्येक खोलीत स्प्रिंकलर. दुसरा, पॅसेजमध्ये स्प्रिंकलर आणि शिवाय प्रत्येक फ्लॅटच्या मुख्य दाराच्या आत एक. तिसरा, फक्त पॅसेज आणि जिना. चौथा, पाइप न टाकता आपोआप मिटणारी अग्निरोधक दारे, धूरसूचक आणि अलार्म.

तिसरा मार्ग सुरुवातीलाच बाद करा. कुणाच्या घरात पाऊल टाकावे लागत नाही म्हणून तो मंजूर चटकन होतो, पण पॅसेजमध्ये जळण्यासारखे फारसे काही नसते. आग लागते स्वयंपाकघरात, पलंगाजवळ, सोफ्यावर. तिथली उष्णता पॅसेजच्या छतापर्यंत पोचून स्प्रिंकलर फुटेल, तोवर जिना धुराने भरलेला असतो.

चौथ्या मार्गाला कमी लेखू नका. २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत १७ माणसे धुराने गेली. ज्वाळा एका फ्लॅटच्या आणि बाहेरच्या पॅसेजच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. फ्लॅटचे दार आपोआप मिटले नाही आणि वरच्या एका मजल्यावर जिन्याचे दारही उघडे राहिले. म्हणून बाकी काहीही निवडा, डोअर क्लोजर (दार आपोआप मिटवणारी यंत्रे) मात्र हवेतच. तपासणी सोपी आहे: दार सुमारे १० सेंटीमीटर उघडून सोडा; ते स्वतःहून मिटून कडी अडकली पाहिजे. न अडकल्यास क्लोजरचा स्क्रू फिरवण्याआधी बिजागऱ्या आणि चौकट बघा. झिजलेली बिजागरी दार खाली बसवते आणि दोष क्लोजरवर जातो.

मात्र दारे शेजाऱ्याला वाचवतात, ज्या घरात आग लागली त्या घरातल्या माणसाला नाही. दुसऱ्या मार्गाचेही बरेचसे तसेच. दाराच्या आतला एक स्प्रिंकलर आगीला पॅसेजमध्ये येऊ देत नाही, पण आतल्या खोलीत झोपलेल्याच्या पलंगापर्यंत त्याचे पाणी पोचत नाही. पहिला मार्ग आतल्या माणसालाही वेळ मिळवून देतो. म्हणून जिना एकच असेल, वरचे मजले अग्निशमन दलाच्या शिडीच्या आवाक्याबाहेर असतील किंवा रहिवाशांत वृद्ध जास्त असतील, तर आमचा कौल पहिल्यालाच. तीन-चार मजले आणि दोन स्वतंत्र जिने असतील, तर चौथा मार्ग नीट राबवणे पुरेसे ठरू शकते.

सभेत हमखास येणारी शंका म्हणजे ‘एक फुटला की सगळे घर भिजेल’. धुराने स्प्रिंकलर सुरू होत नाही. प्रत्येकाची काचेची नळी स्वतंत्र असते. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी तेवढ्याच तोंडातून येते. ८० के-फॅक्टरच्या (तोंड किती पाणी सोडते त्याचा आकडा) तोंडातून अर्ध्या बार (दाबाचे एकक) दाबाला मिनिटाला सुमारे ५७ लिटर, एका बारला ८० लिटर. अग्निशमन दलाचा मोठा होज मिनिटाला कित्येक शे लिटर ओततो, हे नुकसानीचा हिशेब करताना विसरू नये. वरच्या मजल्याचे छत उन्हाने ३८ अंशांच्या पुढे तापत असेल, तर तिथे पिवळी (७९) किंवा हिरवी (९३) नळी घ्या.

आता पाण्याचे गणित, कारण जुन्या इमारतीची योजना इथेच फसते. चार स्प्रिंकलर एकदम उघडले असे धरले, तर ४ × ५७ म्हणजे मिनिटाला २२८ लिटर. अर्ध्या तासाला जवळपास ६,८०० लिटर. हे पाणी पिण्याच्या साठ्यातून उसने घेऊ नका, राखीव ठेवा. गच्चीवरच्या टाकीतून दर १० मीटर उतारामागे साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे वरच्या दोन मजल्यांना पंपाशिवाय पुरेसा दाब मिळणार नाही, आणि उंच इमारतीत तळमजल्यावर तो जास्त होईल. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागेल.

पाइप लोखंडी की सीपीव्हीसी (एक प्रकारचे प्लास्टिक)? राहत्या घरात सीपीव्हीसी सोयीचा: हलका, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या नाहीत. पण काही सीलंट, तेले आणि केबलच्या आवरणातले मऊकारक (प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायने) त्याला हळूहळू तडे पाडतात. पाइपभोवतीची फट आगीविरुद्ध बुजवणारा आगबंद सीलंट त्या पाइपला चालतो अशी लेखी खात्री घ्या. पाइपच्या जोडाला लावलेला चिकट द्रव (सॉल्व्हंट सिमेंट) सुकायच्या आधी दाब दिला की गळती ठरलेलीच. चाचणी साधारण १४ बारवर दोन तास. काम सुरू होण्याआधी जुन्या छतात ॲस्बेस्टॉस आहे का ते तपासा, आणि आत ताणलेल्या पोलादी केबल असलेल्या स्लॅबला भोक पाडण्यापूर्वी त्या कुठे आहेत ते स्कॅन करा. फॉल्स सीलिंग नको असेल तर भिंतीवरचे स्प्रिंकलर घ्या. मोठ्या खोलीत त्यांना पाणी जास्त लागते, एवढे लक्षात ठेवा.

यंत्रणा आगीच्या वेळी चालत नाही याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कुणीतरी दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि तसाच राहिलेला व्हॉल्व्ह. त्यावर अलार्मला जोडलेला टॅम्पर स्विच (व्हॉल्व्ह फिरवला की इशारा देणारा) लावाच. रंगाऱ्याने स्प्रिंकलरवर ब्रश फिरवला तर रंग पुसत बसू नका, स्प्रिंकलरच बदला. छतात लपवलेल्या स्प्रिंकलरच्या झाकणावरही रंग नको. रंगाने झाकण चिकटले तर वेळेवर सुटत नाही. उघड्या स्प्रिंकलरवर कपड्यांचा हँगर टांगणे हा तर नेहमीचा उद्योग; तोही नको.

सक्तीचा नियम लिहिताना अमेरिकेतल्या होनोलुलूचा दाखला उपयोगी आहे. १९७१ साली बांधलेल्या, स्प्रिंकलर नसलेल्या ३६ मजली मार्को पोलो इमारतीत जुलै २०१७ मध्ये आग लागून ४ जण गेले. २०१८ च्या नियमाने जुन्या उंच इमारतींना स्प्रिंकलर बसवा किंवा सुरक्षितता मूल्यमापनात उत्तीर्ण व्हा, असा पर्याय दिला. मुदत ठरवताना पंप, टाकी आणि राइझर (मजल्यांना पाणी नेणारा उभा मुख्य पाइप) पहिल्या टप्प्यात घ्या, आणि फ्लॅट एकेका उभ्या रांगेने.

नकार देणारे फ्लॅट असतीलच. त्यांच्या दारापर्यंत पाइप आणून त्याच्या टोकाला बूच लावून ठेवा आणि विक्री किंवा मोठ्या नूतनीकरणाच्या वेळी जोडणी सक्तीची करा. पंप त्यांच्यासह पूर्ण क्षमतेचा घ्या. नंतर तो बदलणे कोणत्याही पाइपपेक्षा महाग पडते.