व्हीआर हेडसेटची लेन्स कशानं पुसायची? कापड, ब्लोअर, लेन्सपेन की ओलं वाइप?

गेल्या दिवाळीत घरात व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग बघायचं यंत्र) आहे हे कळल्यावर भाचरं रांग लावून उभी राहिली. चकली खाल्लेले हात कुणी धुतले, कुणी नुसतेच झटकले. रात्री मी हेडसेट डोक्यावर चढवला तर समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती धुरकट कडं दिसत होतं. उजवी लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, तेव्हा अंगठ्याचा तेलकट ठसा रेषांसकट दिसला. हाताशी झब्ब्याचं टोक होतं, त्यानंच पुसून टाकला. ठसा गेला, पण त्याच्या जागी दोन बारीक पांढऱ्या रेघा आल्या. त्या आजही तिथेच आहेत.

झब्बा तसा मऊ सुती होता. रेघा ओढल्या त्या त्याच्याखाली सापडलेल्या धुळीच्या कणांनी. ही लेन्स सहसा काचेची नसते, प्लॅस्टिकची असते, आणि आपल्याकडच्या धुळीतली वाळू त्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे कोणतं साधन घ्यावं हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: लेन्सवर धूळ आहे की तेल? धूळ उडवायची असते, तेल पुसायचं असतं. धुळीसकट पुसायला गेलं की ओरखडा ठरलेला.

आधी आपली लेन्स ओळखा

मेटा कंपनीच्या क्वेस्ट २, क्वेस्ट ३एस आणि सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर२ या हेडसेटमध्ये फ्रेनेल लेन्स आहे. एकात एक गोल कडा असलेली ही रचना दीपगृहांसाठी ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. जाड भिंगाचं काम पातळ भिंगाकडून करून घ्यायची ती युक्ती. क्वेस्ट ३ आणि पिको ४ मध्ये पॅनकेक लेन्स असते. तिच्यात उजेड आतल्या आत उलटसुलट फिरवून मग डोळ्यापर्यंत आणतात, म्हणून हेडसेट चपटा होतो. पुसणाऱ्याच्या दृष्टीने फरक साधा आहे. पॅनकेकचा पृष्ठभाग गुळगुळीत, ठसा लवकर निघतो. फ्रेनेलच्या कडा डोळ्याच्या बाजूला असतील तर खाचांत धूळ बसते आणि कापडाच्या रेट्याने आणखी आत जाते. उजेड तिरका पाडला की कडा दिसतात. नखानं चाचपून बघू नका.

ब्लोअर की कापड?

मला विचाराल तर दोन्ही घ्या, पण एकच घेणार असाल तर आधी ब्लोअर. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो रबरी फुगा, काहीशे रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हेडसेट उलटा, म्हणजे लेन्स जमिनीकडे करून चार-पाच झोत मारायचे, म्हणजे उडालेली धूळ परत तिथेच बसत नाही. ब्लोअर लेन्सला टेकतच नाही, म्हणून त्यातून ओरखडा पडण्याचं कारण नाही. त्याला जमत नाही ते एकच: तेल.

तोंडाने फुंकर मारणं हा त्याला पर्याय नाही, थुंकीचे तुषार उडतात. दाबलेल्या हवेचा डबाही मी लेन्सवर वापरणार नाही. तो तिरका झाला की आतला द्रव बाहेर येतो आणि प्लॅस्टिक एकदम बर्फासारखं गार करतो. कीबोर्डसाठी तो ठीक आहे.

तेलासाठी मायक्रोफायबर कापड. मधून सुरुवात करून गोल गोल फिरवत कडेकडे यायचं, हात हलका, बोटाचं वजन पडेल एवढाच दाब. इथे लोकांची चूक होते ती कापड निवडताना नाही, ठेवताना. चष्म्याच्या डबीत सहा महिने पडलेलं कापड मायक्रोफायबर असलं तरी त्यात सहा महिन्यांची धूळ असते. हेडसेटसाठी वेगळं कापड घ्या, झिपच्या पिशवीत ठेवा, साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका. त्याचा थर कापडावर राहतो आणि तोच पुढे लेन्सवर उतरतो, मग पुसावं तितकं धुरकट.

लेन्सपेन

एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला कार्बनचं मऊ बूड. कॅमेरावाल्यांचं लाडकं साधन, आणि गुळगुळीत पॅनकेक लेन्सवरचा एखादा ठसा त्याने छान निघतो. खाचा बाहेर असलेल्या फ्रेनेलवर मात्र मी ते टाळतो, काळी भुकटी खाचांत बसली तर ती काढणं हे नवीन काम होऊन बसतं. आधीच कॅमेऱ्यासाठी घरात असेल तरी हेडसेटला दुसरं घ्या.

ओलं वाइप आणि स्प्रे

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, कारण कंपन्यांच्या सूचनाच वेगवेगळ्या आहेत. मेटा क्वेस्टसाठी कोरडं कापडच वापरा म्हणते, लेन्सला कोणताही द्रव किंवा रसायन लावू नका असं स्पष्ट सांगते. एचटीसी कंपनीने आपल्या व्हाइव्ह हेडसेटसाठी मात्र कापड अल्कोहोलने किंवा लेन्स क्लीनरने ओलसर करायला सांगितलं होतं. म्हणून एका हेडसेटवर चाललेलं वाइप दुसऱ्यावर चालेलच असं धरून चालू नका. ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकवर अल्कोहोलने केसाएवढ्या बारीक तडा जाऊ शकतात, आणि लेन्सवरचा लेपही खराब होऊ शकतो.

चष्म्याची ओली वाइप्स सोयीची असतात, पण बऱ्याच वाइप्समध्ये अल्कोहोल असतंच. पाकिटामागचा बारीक मजकूर वाचा. हँड सॅनिटायझर आणि खिडक्या पुसायचा स्प्रे तर लेन्सच्या जवळही नेऊ नका. वाळलेला घाम किंवा काजळ कोरड्या कापडाने निघतच नसेल, तर मी डिस्टिल्ड वॉटरच्या दोन थेंबांनी कापडाचं एक टोक जेमतेम दमट करतो, आणि लगेच कोरड्या टोकाने टिपतो. मेटाच्या सूचनेत हेही बसत नाही, ही जोखीम माझी. पण पाणी थेट लेन्सवर शिंपडू नये हे सगळ्याच हेडसेटना लागू आहे; ते कडेने ओघळून आत स्क्रीनपर्यंत जातं.

अल्ट्राव्हायोलेट पेट्या गेमिंग झोनसारख्या जागी ठीक, जिथे एक हेडसेट दिवसाला पन्नास जण घालतात. त्या जंतू मारतात, ठसा तसाच राहतो. घरच्यासाठी पैसे घालू नका. चेहऱ्याला टेकणारा फोम आणि पट्टा वेगळे पुसा, आणि त्यासाठी वापरलेलं कापड लेन्सला लावू नका.

तुम्ही चष्मा लावत असाल तर ब्लोअरपेक्षाही आधी नंबरच्या इन्सर्ट लेन्सचा, म्हणजे हेडसेटच्या लेन्सवर बसवायच्या तुमच्या नंबरच्या भिंगांचा, विचार करा. चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासून पडलेला ओरखडा कोणत्याच कापडाने जात नाही. इन्सर्ट बसवले की रोजची पुसापुशीही त्यांच्यावरच होते, मूळ लेन्स झाकलेली राहते.

पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका. हेडसेट चालू करून पाचेक मिनिटं ठेवा, लेन्स उबदार झाली की वाफ आपोआप जाते. आणि दमट वास येतोय म्हणून गाद्या-पापडांसारखं हेडसेटला ऊन दाखवायला गच्चीवर ठेवू नका. त्या लेन्स भिंगासारखं ऊन गोळा करून थेट आतल्या स्क्रीनवर टाकतात आणि थोड्याच वेळात तिथे कायमचा जळका डाग पडतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, झाकण लावा आणि डबा खिडकीपासून लांब ठेवा.