तीन वाद, एक परीक्षक

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. विश्व कुठून आलं आणि त्यामागे कुणी आहे का, या विषयावरचे जे जाहीर वाद नेटवर फुकट पाहायला-ऐकायला मिळतात, त्यांतले तीन मी नीट बसून ऐकले. त्यांतला सर्वांत जुना, १९४८ सालचा, सर्वांत चांगला आहे. सर्वांत गाजलेला सर्वांत वाया गेलेला आहे. तिसरा भारी आहे, पण थोडी तयारी करून गेलात तरच.

मी शाळा-कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, त्यामुळे कान त्या अंगाने तयार झालेला आहे. भाषण कसं झालं याला मी गुण देते, पण कमी. जास्त गुण पूर्वपक्षाला. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांत पद्धत अशी की आधी प्रतिपक्षाचं म्हणणं पुरतं मांडायचं, त्याला स्वतःला मांडता येईल तितक्या ताकदीने, आणि मग उत्तरपक्ष. स्पर्धेतली मुलं ही पायरी हमखास गाळतात. मोठ्या माणसांनीही ती गाळलेली पाहिली की माझं लाल पेन आपोआप उघडतं. तिन्ही वाद मी याच मापाने मोजलेत. माझ्याबरोबर वहिनी होत्या. त्या श्रद्धाळू, मी नाही. त्यामुळे निदान एका बाजूला टाळ्या वाजवणारं घर नव्हतं.

गाजलेला वाद लवकर उरकते. ४ फेब्रुवारी २०१४, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं क्रिएशन म्युझियम. एका बाजूला त्या संग्रहालयाचे संस्थापक केन हॅम, दुसऱ्या बाजूला टीव्हीवर विज्ञान शिकवणारे बिल नाय. बायबलमधली सृष्टीनिर्मिती हे आजच्या विज्ञानयुगात टिकणारं प्रतिरूप (मॉडेल) आहे का, असा साधारण विषय. हॅम यांच्या हिशेबाने पृथ्वी सुमारे ६ हजार वर्षांची. नाय त्याहून जुन्या बर्फाच्या थरांचा आणि झाडांचा दाखला देतात, बायबलमधल्या प्रलयानंतर नोआच्या नौकेतून उतरलेले कांगारू ऑस्ट्रेलियापर्यंत पोचले कसे आणि वाटेत एकाचंही हाड कसं सापडत नाही हे विचारतात. मुद्दे बरोबर आहेत. पण हा देवाबद्दलचा वाद नाहीच. पृथ्वी कोट्यवधी वर्षांची आहे हे मान्य असलेले श्रद्धाळू जगात भरपूर आहेत. त्या सगळ्यांना बाहेर ठेवून एका टोकाच्या मताशी भांडण झालं, आणि पाहणाऱ्यांनी त्याला 'धर्म विरुद्ध विज्ञान' असं नाव दिलं. वहिनी वैतागून म्हणाल्या, "यात माझ्या बाजूचं कोण आहे?" कुणीच नव्हतं.

एवढ्या लांब कार्यक्रमात दोन क्षण मात्र पाहण्यासारखे आहेत. दोन्ही प्रश्नोत्तरांत. एकाने विचारलं, तुमचं मत कशाने बदलेल? हॅम यांच्या उत्तराचा गोषवारा असा, की मी ख्रिस्ती आहे आणि देवाचा शब्द खोटा आहे हे मला कुणी पटवू शकणार नाही. नाय म्हणाले, एक पुरावा दाखवा, उदाहरणार्थ भलत्याच थरात सापडलेला जीवाश्म. दुसरा प्रश्न विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ कुठून आला असा होता. नाय यांनी हे मोठं गूढ आहे, ते आम्ही शोधतो आहोत आणि त्यातच आनंद आहे, असं सांगितलं. त्यावर हॅम यांनी हसत, अहो, ते सांगणारं एक पुस्तक आहे ना, असा टोला दिला. सभा हसली. स्पर्धेत असते तर या टोल्याला वक्तृत्वाचे गुण मिळाले असते, खंडनाचा एकही नाही.

आता दुसरा, त्याच महिन्यातला. न्यू ऑर्लिन्समधल्या एका बाप्टिस्ट धर्मशिक्षणसंस्थेत विल्यम लेन क्रेग आणि शॉन कॅरल. क्रेग तत्त्वज्ञ आणि श्रद्धेच्या बाजूचे, कॅरल विश्वरचनाशास्त्रात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. यजमान क्रेग यांच्या बाजूचे असले तरी सभा सभ्य आहे, कॅरल यांचंही नीट ऐकून घेते. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वादांत श्रोते बऱ्याचदा कुस्ती बघायला आल्यासारखे येतात.

क्रेग यांचा मुख्य युक्तिवाद मध्ययुगीन इस्लामी धर्मतत्त्वज्ञांकडून, विशेषतः अल-गझालींकडून आलेला आहे. ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे, विश्वाला सुरुवात आहे, म्हणून विश्वाला कारण आहे. इतका सुटसुटीत की मुलांना पाठ करायला द्यावा. सगळा भार दुसऱ्या पायरीवर, आणि ती पक्की करायला क्रेग थेट भौतिकशास्त्रात उतरतात. तिथे २००३ सालचा बोर्ड, गुथ आणि व्हिलेन्किन यांचा सिद्धांत येतो. सरासरीने प्रसरण पावत असलेलं विश्व अनंत भूतकाळापर्यंत मागे नेता येत नाही, असं तो ढोबळमानाने सांगतो. कॅरल यांचं उत्तर असं, की हा सिद्धांत ज्या अभिजात, म्हणजे पुंजभौतिकी न धरणाऱ्या, वर्णनावर उभा आहे ते वर्णनच त्या टोकाला कामाला येत नाही. तिथे पुंज गुरुत्वाकर्षण, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना जोडणारा सिद्धांत, लागतो, आणि तो अजून आपल्या हातात नाही. तेव्हा 'आपलं वर्णन इथे थांबतं' एवढंच म्हणता येईल, 'विश्व इथे सुरू झालं' असं नाही. आणि मग पडद्यावर खुद्द अॅलन गुथ यांचा फोटो. हातात फलक. त्यावर मजकूर असा, की विश्वाला सुरुवात होती की नाही मला ठाऊक नाही, नसावी असं मला वाटतं. सभागृहात खसखस पिकते. फोटो म्हणजे पुरावा नव्हे, गुथ यांना काय वाटतं यावर विश्व चालत नाही. पण ज्याच्या नावाचा दाखला द्यायचा त्याचंच मत समोर आणणं हे चोख खंडन आहे.

कॅरल यांचा याहून खोल मुद्दा फोटोच्या गडबडीत मागे पडतो. 'कारण' ही कल्पना आपल्या रोजच्या जगात, काळाच्या आत चालते. मूलभूत भौतिकशास्त्राची समीकरणं कारण विचारत नाहीत. तेव्हा विश्वाचं कारण काय असं विचारण्याऐवजी, कुठलं प्रतिरूप निरीक्षणांशी जास्त जुळतं असं विचारा. हे मला पटतं, पण क्रेग यांना ते पटावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही, कारण त्यांचा सगळा वाद त्या कल्पनेवरच उभा आहे. इथून पुढे दोघे समांतर रेषांवर बोलतात. क्रेग यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवते: त्यांनी कॅरल यांचंच प्रतिरूप वाचून आणलं होतं आणि त्यातल्या अडचणींवर बोट ठेवलं. पूर्वपक्षाचे गुण त्यांना मिळाले.

विश्वातले स्थिरांक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ताकदीसारखे ठरलेले आकडे, जीवसृष्टीला नेमके जुळतात, म्हणून ते कुणीतरी जुळवले असावेत, हा क्रेग यांचा दुसरा मुद्दा. त्यावर कॅरल विचारतात, की जीवसृष्टीच हवी होती तर सुरुवातीच्या विश्वाची एन्ट्रॉपी (ढोबळमानाने, अव्यवस्थेचं माप) इतकी कमालीची कमी कशासाठी? जीवनाला त्याच्या जवळपासही गरज नव्हती. याला क्रेग यांच्याकडून मला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. वहिनींना मिळालं. त्या म्हणाल्या, देवाने हिशेबाने काटकसरच करायला हवी असं कुणी सांगितलं? मी गप्प बसले, परीक्षकाने श्रोत्यांशी वाद घालू नये. तोटा एवढाच, की हा वाद भौतिकशास्त्राच्या आजच्या स्थितीला बांधलेला आहे. उद्या पुंज गुरुत्वाकर्षणाचा पक्का सिद्धांत आला तर यातला निम्मा भाग जुना होईल.

आणि म्हणूनच १९४८. २८ जानेवारीला बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि फ्रेडरिक कोपल्स्टन बोलले. रसेल पंचाहत्तरीचे, नामवंत तत्त्वज्ञ आणि तर्कशास्त्रज्ञ; कोपल्स्टन चाळिशीचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री आणि तत्त्वज्ञानाचे इतिहासकार. घंटा नाही, पडदा नाही, टाळ्या नाहीत. आवाज जुना आहे, इंग्रजीही त्या काळच्या विद्वानांचं. लेखी प्रत समोर ठेवून ऐका, नाहीतर अर्धं हातून निसटेल.

पहिल्याच मिनिटांत दोघे ठरवतात की 'देव' म्हणजे काय धरायचं: जगाहून वेगळा, जगाचा निर्माता असलेला व्यक्तिरूप परमात्मा. रसेल ही व्याख्या मान्य करतात. मग कोपल्स्टन विचारतात, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का? रसेल म्हणतात, नाही, मी अज्ञेयवादी आहे. बस्स. इतर वादांत तासभर चालणारा गोंधळ इथे दोन वाक्यांत मिटला.

कोपल्स्टन यांचा युक्तिवाद मोठ्या स्फोटावर, म्हणजे विश्वाची सुरुवात सांगणाऱ्या 'बिग बँग'वर, उभा नाही. जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. अशा परावलंबी गोष्टींची साखळी अनंत असली तरी तिच्यातून स्वतःच्या बळावर असलेलं असं काही निघत नाही. ते म्हणतात, चॉकलेटांची कितीही बेरीज केली तरी चॉकलेटंच मिळतील. म्हणजे विश्व अनादि असलं तरी त्यांना चालतं. सुरुवात होती की नाही हा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. तेराव्या शतकातले थॉमस अक्वायनस हेही असंच म्हणत, की विश्वाला सुरुवात आहे हे श्रद्धेने कळतं, तर्काने सिद्ध होत नाही. सत्तरहून जास्त वर्षांनीही हा वाद शिळा वाटत नाही याचं कारण मला हे दिसतं.

रसेल यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असली पाहिजे असं होत नाही. विश्व आहे, बस्स, एवढंच. पण या वाक्यापेक्षा मला त्याआधीची चकमक मोलाची वाटते. रसेल सुचवतात, की तुम्ही शोधताय असं परिपूर्ण स्पष्टीकरण मिळत नसतं, त्याची अपेक्षाही करू नये. कोपल्स्टन म्हणतात, सापडलं नाही असं म्हणणं वेगळं, शोधूच नये असं म्हणणं मला जरा हटवादी वाटतं. त्यावर रसेल 'मला माहीत नाही' अशा शब्दांनी उत्तर सुरू करतात. इतका मोठा तर्कशास्त्रज्ञ! वहिनींनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

पुढे रसेल निसटतात, असं माझं मत आहे. कोपल्स्टनही तेच म्हणतात: पटावर बसायलाच नकार दिला तर मात होणार कशी? मी नास्तिक असूनही इथे गुण पाद्रीबुवांना दिले. नैतिकतेच्या भागात तर रसेल आणखी ढिले पडतात. चांगलं-वाईट मला निळा आणि पिवळा रंग जसा वेगळा दिसतो तसं दिसतं, असं ते म्हणतात. कोपल्स्टन बेल्सनच्या नाझी छळछावणीच्या प्रमुखाचं नाव काढतात, आणि रसेल यांचं उत्तर त्या नावाच्या वजनाखाली दबतं. धार्मिक अनुभवाच्या भागात मात्र उलट. एखाद्या विश्वासाचा जगण्यावर चांगला परिणाम झाला म्हणून तो विश्वास खरा ठरत नाही, हे रसेल स्वच्छ दाखवतात आणि तिथे कोपल्स्टन यांना मागे यावं लागतं.

एक गोष्ट या वादाच्या बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच बीबीसीवर १९४९ मध्ये फ्रेड हॉइल यांनी 'बिग बँग' हे नाव वापरलं. ते स्वतः त्या सिद्धांताचे विरोधक, स्थिर स्थितीच्या, म्हणजे सुरुवातच नसलेल्या, विश्वाचे पुरस्कर्ते. आपले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी आणि पुढे सहकारी. उलट प्रसरण पावणाऱ्या विश्वाच्या 'आदि-अणू'ची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या नव्या विज्ञानात सृष्टीनिर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. धर्मगुरू म्हणतोय विज्ञानात देव घुसडू नका, आणि देव न मानणारा शास्त्रज्ञ सुरुवातीच्या कल्पनेला बिचकतोय! आणि आपल्याकडे सातव्या शतकात वेदप्रामाण्य मानणारे कुमारिल भट्ट सृष्टिकर्त्याला उलटतपासणीला उभं करतात: करुणेपोटी निर्मिती केली म्हणता, तर करुणा करायला तेव्हा होतं कोण? न्यायदर्शनाचे पंडित उदयन दहाव्या शतकात त्याच कर्त्याची बाजू लढवतात. घडा पाहिला की कुंभार मानावाच लागतो, तसं जग हे कार्य, म्हणजे घडवलेली गोष्ट, असेल तर कर्ता हवा. क्रेग-कॅरल यांच्या सभेत हे दोघे हवे होते, असं मला दोनदा तरी वाटून गेलं.

क्रम सुचवते. १९४८ चा वाद आधी, लेखी प्रतीसह, एका बैठकीत नको. अस्तित्वाच्या युक्तिवादापाशी थांबा, दुसऱ्या दिवशी धार्मिक अनुभव आणि नैतिकता. त्यानंतर क्रेग-कॅरल, उपशीर्षकं लावून, कारण क्रेग मुद्द्यांची गाडी वेगात हाकतात. एन्ट्रॉपी म्हणजे काय हे आधी कुठेतरी वाचून ठेवा. हॅम-नाय यांची फक्त प्रश्नोत्तरं पाहा, तीही वेळ असेल तर. पहिल्याला दहापैकी नऊ, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला तीन. वहिनींचे गुण वेगळे आहेत: रसेल-कोपल्स्टनला त्यांनीही नऊ दिले, पण क्रेग-कॅरलला आठ, आणि तो वाढीव एक गुण कशासाठी ते विचारलं तर म्हणतात, कॅरल चिडले नाहीत म्हणून.